विरघळणाऱ्या टाक्यांचे जनक लिस्टर

शस्त्रक्रियेत धमनी रेशमी धाग्याने बांधायची आणि धाग्याची टोके जखमेबाहेर लोंबती ठेवायची, असा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रिवाज होता. काही दिवसांनी धागा सुटला की तो ओढून काढला जाई. तोवर जखमेत पू होई, कधी पुन्हा रक्तस्राव होऊन रुग्ण दगावे. आतड्याचे, आपोआप विरघळणारे धागे काहींनी आधीही वापरून पाहिले होते. त्यांना भरवसा मिळवून दिला तो जोसेफ लिस्टर यांनी.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये, एसेक्स परगण्यातील अप्टन येथे झाला. वडील मद्याचे व्यापारी. पण त्यांचे नाव झाले ते सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारल्यामुळे. १८६० मध्ये लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. जखमा कुजतात त्या जंतूंमुळे, हे त्यांनी लुई पाश्चर यांच्या संशोधनावरून ताडले. ऑगस्ट १८६५ मध्ये, गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. पाय कापावा लागला नाही. या आम्लाने त्वचा पोळत असल्याने पुढे त्यांनी पट्टीखाली वार्निश चढवलेल्या रेशमी कापडाचा थर घातला.

पट्टीने बाहेरचे जंतू रोखले, पण आत राहणाऱ्या धाग्याचे काय? १८६७ मध्ये त्यांनी एका घोड्याची मानेतील धमनी निर्जंतुक रेशमाने बांधली. जखम भरली, रेशीम मात्र आत तसेच राहिले. मग त्यांनी कॅटगट घेतले. नावात मांजर असले तरी हा धागा मेंढीच्या आतड्याचा असतो. १८६८ च्या अखेरीस वडिलांच्या घरी एका वासरावर त्यांनी तो कार्बोलिकमध्ये भिजवून वापरला. महिन्याभराने तपासले, तेव्हा धाग्याच्या जागी जिवंत ऊती आढळल्या. धाग्याचेच ऊतींत रूपांतर झाले, असे लिस्टर यांना वाटले. तो तर्क चुकीचा होता. शरीर धागा पचवते आणि तेथे नव्या ऊती वाढतात. निष्कर्ष चुकला तरी उपाय अचूक ठरला.

साधे कॅटगट लवकर मऊ पडे. म्हणून त्यांनी त्यावर क्रोमिक आम्लाची प्रक्रिया केली आणि ते विरघळण्याचा वेग कमी केला. आपले म्हणणे मागे घेण्यातही त्यांना कमीपणा वाटत नसे. हवेत कार्बोलिक फवारण्याची स्वतःचीच गाजलेली पद्धत त्यांनी १८९० मध्ये जाहीरपणे अनावश्यक ठरवली. कॅटगट तयार करण्याच्या पद्धतीवर मात्र ते ऐंशी वर्षांचे झाल्यानंतरही लिहीत होते. १० फेब्रुवारी १९१२ रोजी केंटमधील वॉल्मर येथे त्यांचे निधन झाले.