विश्लेषण : ‘डेथ मेटल’चा जनक मानल्या जाणाऱ्या चक शुल्डिनरला स्वतःच गायचे का नव्हते?

हेवी मेटल ऐकणाऱ्यांमध्ये एक वाद कायम रंगतो. कुणाला रॉब हॅलफर्ड किंवा ब्रूस डिकिन्सन यांच्यासारखा उंच, सुरेल आवाज हवा असतो, तर कुणाला गुरगुरणाऱ्या आवाजाशिवाय मेटल अपुरे वाटते. या वादाच्या दोन्ही बाजूंना ज्याचा हक्क सांगता येईल असा कलाकार म्हणजे अमेरिकेच्या ‘डेथ’ या बँडचा चक शुल्डिनर. तो वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी गेला.

सुरुवात कशी झाली?

चकचा जन्म १३ मे १९६७ रोजी न्यूयॉर्क राज्यात झाला. तो लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडात स्थायिक झाले. तो नऊ वर्षांचा असताना मोठा भाऊ अपघातात गेला. मुलाने या दुःखातून सावरावे म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. शास्त्रीय गिटारच्या शिकवणीत त्याचे मन रमले नाही, पण इलेक्ट्रिक गिटार हाती आल्यावर ती सुटली नाही. १९८३ मध्ये, १६व्या वर्षी त्याने मित्रांसोबत ‘मँटास’ बँड सुरू केला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव ‘डेथ’ झाले.

तो आवाज नेमका काय असतो?

थ्रॅश मेटलमध्ये गायक साधारणपणे ओरडून गातात. ब्लॅक मेटलमध्ये कर्कश किंकाळी असते. पॉवर मेटलमध्ये उंच पट्टीतले स्वच्छ गायन. डेथ मेटलची ओळख म्हणजे ‘ग्राउल’, अर्थात गुरगुर. नेहमीच्या गाण्यात स्वरतंतू कंप पावतात. ग्राउलमध्ये त्यांच्या वर असणाऱ्या पडद्यांचाही वापर होतो. त्यामुळे सूर पुसट होतो आणि आवाज खरखरीत, जाड येतो. थोडक्यात, इथे गायकाचा आवाज तालवाद्याच्या जवळ जातो. चाल पुढे नेण्याची जबाबदारी मुख्यतः गिटारवर येते.

१९८७च्या ‘स्क्रीम ब्लडी गोर’ या पहिल्या अल्बममध्ये चकने हाच आवाज लावला. भयपटांतून घेतलेले विषय, वेगवान गिटार आणि ही गुरगुर, असा साचा त्यातून पक्का झाला. त्याआधी ‘पझेस्ड’सारख्या बँडने वाट दाखवली होती, त्यामुळे ‘जनक’ हे बिरुद चकला स्वतःला फारसे रुचत नसे.

मग बदल कुठे झाला?

त्याने स्वतःचाच साचा मोडायला घेतला. १९९०च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये रक्तपाताऐवजी सामाजिक विषय आले. १९९१च्या ‘ह्युमन’मध्ये जॅझच्या अंगाने वाजवणारे वादक सोबत आले आणि संगीत गुंतागुंतीचे झाले. १९९५च्या ‘सिम्बॉलिक’पर्यंत गिटारची चाल अधिक सुरेल झाली होती. आवाजही बदलत गेला. सुरुवातीची खोल गुरगुर मागे पडून तो अधिक उंच आणि धारदार झाला. शब्द बऱ्यापैकी ऐकू येऊ लागले. १९९८च्या ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’ अल्बममध्ये तर त्याने ज्युडास प्रीस्टचे ‘पेनकिलर’ गायले. मूळ गाण्यात आवाज हॅलफर्डचा, म्हणजे वादाच्या अगदी दुसऱ्या टोकाचा.

स्वतःचा आवाज बाजूला का ठेवला?

चकच्या डोक्यात ज्या चाली घोळत होत्या, त्यांना सुरेल गायक हवा होता आणि तो आपण नाही, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने ‘कंट्रोल डिनाइड’ हा वेगळा बँड उभा केला. १९९९च्या ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’ अल्बममध्ये चकने गिटार वाजवली आणि गायला टिम आयमार. ज्या आवाजाने नाव मिळाले तोच आवाज बाजूला ठेवणे सोपे नव्हते. ‘डेथ’चे काही चाहते या वाटेने गेले नाहीत.

शेवटची लढाई

१३ मे १९९९ रोजी, ३२व्या वाढदिवशीच चकला मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात गाठ असल्याचे निदान झाले. मानेतल्या दुखण्यापासून याची सुरुवात झाली होती. रेडिएशन झाले. जानेवारी २००० मध्ये शस्त्रक्रिया झाली. २००१ मध्ये आजार उलटला. अमेरिकेतला उपचारांचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेला, तेव्हा चाहत्यांनी आणि इतर बँडनी निधी उभा केला. ‘कॉर्न’ आणि ‘रेड हॉट चिली पेपर्स’सारख्या, वेगळ्याच शैलीच्या बँडनीही लिलावासाठी वस्तू दिल्या. १३ डिसेंबर २००१ रोजी चकचे निधन झाले. ‘कंट्रोल डिनाइड’चा दुसरा अल्बम अपुरा राहिला.

आज काय ऐकाल?

गुरगुर सहन होत नसेल, तर ‘कंट्रोल डिनाइड’पासून सुरुवात करा आणि मग मागे ‘सिम्बॉलिक’कडे जा. गुरगुरच आवडत असेल, तर उलटा प्रवास करा. आवाज बदलेल, पण दोन्हीकडे गिटारच्या चाली एकाच माणसाच्या आहेत, हे काही गाण्यांतच कानाला कळेल.