समुद्रफुलांचा चरित्रकार : फिलिप हेन्री गॉस

काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात समुद्रफुले, म्हणजेच सी ॲनिमोन, जगवण्याचा छंद सर्वसामान्यांच्या दिवाणखान्यात नेला तो फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने. ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे एका फिरत्या लघुचित्रकाराच्या घरी त्याचा जन्म झाला. न्यूफाउंडलंडमध्ये कारकुनी, कॅनडात शेती, अलाबामात शिक्षकी आणि जमैकात पक्षिनिरीक्षण असे वळसे घेत तो मायदेशी स्थिरावला. १८५२ मध्ये प्रकृती ढासळल्याने डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला आणि तेथील खडकांनी त्याला कायमचे बांधून घेतले.

समुद्रफूल दिसते फुलासारखे, पण आहे मांसाहारी प्राणी. त्याचा तळवा खडकाला घट्ट चिकटलेला असतो. ओढून काढला की फाटतो. म्हणून गॉस छिन्नी-हातोडीने खडकाचा तुकडाच काढून आणी. टाकीत तो हिरवे शेवाळ लावी, कारण उजेडात शेवाळातून सुटणाऱ्या प्राणवायूवर पाणी टिकते. मांसाचा बारीक कण भरवावा, उरलेले लगेच उचलावे, मेलेला जीव क्षणभरही ठेवू नये, ही त्याची शिस्त. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने १८५४ मध्ये साधे मीठ आणि आणखी तीन क्षार यांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या त्याच्या ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. जिज्ञासा इतकी की एकदा त्याने समुद्रफूल शिजवून खाल्लेसुद्धा!

१८५७ हे वर्ष मात्र क्रूर ठरले. पत्नी एमिली कर्करोगाने गेली. बायबलमधील सृष्टीनिर्मिती आणि भूशास्त्र यांचा मेळ घालू पाहणारे त्याचे पुस्तक धार्मिकांनी आणि शास्त्रज्ञांनी सारखेच झिडकारले. लहानग्या एडमंडला घेऊन तो डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे राहायला गेला आणि समुद्रफुलांवरील आपल्या सर्वांत मोलाच्या ग्रंथाला लागला. १८५८ ते १८६० या काळात तो पूर्ण झाला. रंगावरून जात ओळखू पाहणारा फसतो, हे त्यातून स्पष्ट होते. एकच जात लाल, हिरवी वा तपकिरी असू शकते. खरी खूण अन्यत्र असते. कुणाच्या कडेला निळ्या मण्यांची माळ असते, कुणी अंगाला वाळू-शिंपल्यांचे कण चिकटवून घेते, तर कुणी डिवचताच शरीरातून पांढरे दंशधागे बाहेर फेकते. हे सारे त्याने स्वतः रंगविलेल्या चित्रांसह मांडले.

परंतु पुस्तके वाचून छंदिष्टांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या. बहुतेकांनी छिन्नी उचलली, शिस्त नाही. टाक्यांतले जीव मरत, नवे आणले जात. काही वर्षांत गॉसची आवडती खडकाळ डबकी ओस पडली. या विध्वंसाला आपलीच लेखणी कारण झाली, ही खंत त्याला होती, असे एडमंडने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात नोंदवले आहे. उत्तरायुष्यात गॉस ऑर्किडे आणि सूक्ष्मजीवांत रमला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथेच त्याचे निधन झाले.