माधव जूलियन : लगक्रम आणि वाचकाचा कान

मराठी छंदःशास्त्राचा अभ्यासक आज ज्या परिभाषेत विचार करतो, तिचा फार मोठा भाग माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांनी घडविलेला आहे. मात्र त्यांचा विचार करताना ‘छंदोरचना’कार आणि कवी अशी दोन स्वतंत्र खाती मांडण्याचा प्रघात पडला आहे. एका खात्यात शास्त्राची शिस्त जमा होते, दुसऱ्यात प्रणयाची उत्कटता. त्यांचा जीवनक्रम पाहिला असता ही विभागणी टिकत नाही. अक्षरांची विशिष्ट मांडणी ऐकणाऱ्याच्या मनावर नेमका कशामुळे परिणाम करते, हा एकच प्रश्न त्यांच्या दोन्ही प्रकारच्या लेखनामागे उभा आहे. शास्त्रकार म्हणून त्यांनी या प्रश्नाचा निवाडा कानावर सोपविला. कवी म्हणून मात्र त्यांना कानाचा कौल नेहमीच मानवला असे नाही.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. इंग्रजी आणि फार्सी या दोन भाषांच्या अध्ययनाने त्यांची वाङ्मयीन घडण झाली. त्यांचे टोपणनावही इंग्रजी वाचनाचीच देणगी होय. १९१८ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे अध्यापक झाले. संस्कृत वृत्तपरंपरेत वाढलेल्या मराठी मनाला फार्सी छंदःशास्त्र वरवर परके वाटते. परंतु दोन्ही परंपरांचा पाया ऱ्हस्व-दीर्घाच्या उच्चारकालावर उभा आहे. संस्कृतातील भुजंगप्रयात आणि फार्सीतील मुतकारिब यांत ‘लगागा’ या एकाच घटकाची चार वेळा आवृत्ती होते. नावे निराळी, परंपरा निराळ्या, पण कानावर पडणारी चाल एकच. नावापेक्षा चाल मूलभूत, हे सूत्र त्यांच्या पुढील सर्व विवेचनात दिसते.

१९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे इत्यादींच्या सहवासात माधव जूलियन यांची कविता छापील पानापुरती राहिली नाही. मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली आणि वाचक हा पुन्हा एकवार श्रोता झाला. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ने या कवींच्या लकबींची यथेच्छ थट्टा केली. विडंबनाला हसू येते ते मूळची चाल श्रोत्याच्या कानात आधीच मुरलेली असते म्हणून. तेव्हा ही थट्टा म्हणजे मंडळाच्या रचनातंत्राच्या परिणामकारकतेची एक अनिच्छेने दिलेली पावतीच ठरते.

१९२४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाशी त्यांचा संबंध संपला. त्यानंतरची वर्षे अस्थिरतेची होती. तथापि त्यांच्या लेखनातील पायाभूत ग्रंथ याच काळातील आहेत. १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’, १९२६ मध्ये ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य आणि १९२७ मध्ये ‘छंदोरचना’ अशी ही मालिका आहे. शब्दांचा कोश, प्रेमाचे काव्य आणि पद्याचे शास्त्र ही तीन कामे एकच व्यक्ती लागोपाठच्या तीन वर्षांत प्रकाशित करते, हा केवळ योगायोग मानता येत नाही. १९२८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांना स्थैर्य लाभले आणि ‘छंदोरचना’तील विचार १९३७ च्या सुधारून वाढविलेल्या आवृत्तीत पूर्णत्वास गेला.

या ग्रंथाचे महत्त्व वृत्तांच्या संख्येत नाही. ते दृष्टीत आहे. पारंपरिक पद्धती प्रत्येक चरणाचे तीन-तीन अक्षरांचे गण पाडते. हे गण स्मरणाला सोयीचे असले, तरी वृत्ताच्या नैसर्गिक तुकड्यांशी त्यांचा मेळ बसतोच असे नाही. म्हणणारा थांबतो एकीकडे आणि गण तुटतो दुसरीकडे. माधव जूलियन यांनी लघू-गुरूंचा प्रत्यक्ष क्रम, म्हणजे लगक्रम, पुढे ठेवला आणि पद्याचे वृत्त, जाती व छंद असे तीन प्रकार मानले. वृत्तात लगक्रम ठरलेला असतो. जातीत मात्रांची आवर्तने असतात. आठ मात्रांची पद्मावर्तनी, सहा मात्रांची भृंगावर्तनी ही नावे त्यांचीच. छंदात मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मावळतो आणि अक्षरसंख्या उरते. अभंग म्हणताना लिपीतील ऱ्हस्व अक्षरही लांबविले जाते, ही गोष्ट प्रत्येक वारकऱ्याच्या जिभेला ठाऊक होती. शास्त्राने तिची दखल घेतली ती येथे. अभंगाला संस्कृत वृत्ताची मोजपट्टी लावून त्याला सैल ठरविणाऱ्या दृष्टीला यामुळे उत्तर मिळाले. दोष अभंगात नव्हता, मोजणाऱ्याने कानाऐवजी डोळा वापरला होता.

रचनातंत्राचा परिणाम त्यांनी अनुवादातही पडताळून पाहिला. १९२९ मध्ये त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मूळ फार्सीवरून मराठीत आणल्या आणि १९३१ च्या ‘द्राक्षकन्या’त फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपांतराचा आधार घेतला. मूळ रुबाई हे चार चरणांचे स्वयंपूर्ण मुक्तक असते. बहुधा तिसरा चरण यमकातून मोकळा सुटतो आणि चौथा परत येऊन ठोका देतो. फिट्झजेराल्डने ही मुक्तके सलग माळेत ओवली. त्यामुळे एकेका रुबाईचा झटका सौम्य झाला आणि एका दीर्घ मनःस्थितीचा प्रवाह निर्माण झाला. एकाच कवीची ही दोन रूपे वाचणाऱ्या मराठी वाचकाला रचनाबंध बदलला की आशयाची जातही बदलते, याचा प्रत्यय येतो.

नेमका हाच धडा ‘गज्जलांजलि’त (१९३३) अर्धाच उतरला. वियद्गंगा, व्योमगंगा, आनंदकंद यांसारखी वृत्ते माधव जूलियन यांच्यामुळे मराठीत रुळली. परंतु गझलेची शक्ती केवळ वृत्तात नसते. काफिया आणि रदीफ श्रोत्याला काय येणार याची चाहूल देतात, शेर ती अपेक्षा अनपेक्षित वाटेने पुरी करतो, आणि प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असतो. माधव जूलियन यांच्या अनेक गज्जलांत एकच भाव सलग वाहतो. त्या गझलेच्या वृत्तातील भावगीते होतात. शेराच्या स्वायत्ततेचा आग्रह मराठीत दृढ केला तो सुरेश भट (१९३२–२००३) यांनी. मात्र भटांना जी वृत्ते सिद्ध मिळाली, त्यांच्यामागे ‘गज्जलांजलि’ उभी होती, हे विसरता येणार नाही.

अखेरच्या दशकातील भाषाशुद्धीचा आग्रह हा या जीवनातील सर्वांत अवघड टप्पा होय. फार्सीचा हा कोशकार आणि अध्यापक सावरकरप्रणीत चळवळीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. १९३६ मध्ये जळगाव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाला. आपल्या जुन्या कवितांतील फार्सी शब्द काढून त्या जागी संस्कृतोद्भव शब्द बसविण्याचा खटाटोपही त्यांनी केला. लगक्रम न ढळवता शब्द पालटणे त्यांच्यासारख्या रचनापटूला कठीण नव्हते. पण शब्द केवळ मात्रांचे माप नसतो. त्याच्या नादाशी आणि पूर्ववापराशी वाचकाच्या आठवणी निगडित असतात. त्याच मापाचा दुसरा शब्द वृत्त सांभाळतो, अनुभव सांभाळेलच असे नाही. ज्याने मराठी पद्याला कानाचा न्याय मिळवून दिला, त्यानेच येथे कानापेक्षा तत्त्वाला वरचे स्थान दिले.

१९३८ मध्येच ‘तुटलेले दुवे’ ही सुनीतमाला प्रकाशित झाली. ‘छंदोरचना’साठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या यशापयशाचा हिशेब त्यांच्याच कसोटीने करावा लागतो, आणि ही कसोटी मराठीला देणे हेच त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय. वृत्त ओळखून त्याचे नाव उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी ‘छंदोरचना’च्या उंबरठ्यावरच थांबतो, ओळ मोठ्याने म्हणून आपण कोठे थांबलो आणि का थांबलो, हे तपासणारा आत प्रवेश करतो.