रामन यांच्या दारात सत्याग्रह करणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या?

वरंध घाट उतरून महाडच्या उकाड्यात आलं की थंड नीरा आठवते. सकाळी प्यायली तर नीरा, तशीच ठेवली तर ताडी. मधल्या वेळात यीस्टच्या पेशी नीरेतली साखर फस्त करून अल्कोहोल बनवतात. याच नीरेवरच्या संशोधनासाठी एका मराठी बाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता. त्या म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण.

जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाताईंनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथे संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. मार्क कमी होते म्हणून नाही, अर्जदार बाई होती म्हणून.

कमलाताई गप्प बसल्या नाहीत. रामन यांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष प्रोबेशन, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही. (शेवटची अट परत एकदा वाचा!) वर्षभर काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींना प्रवेश मिळू लागला.

मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये यीस्टमध्ये सायटोक्रोम दाखवलं होतंच. कमलाताईंचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. होऊन भारतात परतल्या.

आता गंमत बघा. नीरा आणि सायटोक्रोम सी हे त्यांचे दोन विषय यीस्टच्या पेशीत एकत्र येतात. साखर भरपूर असली की यीस्टमधलं मिग१ नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि त्या वेळी नको असलेली जनुकं बंद करतं. सायटोक्रोम सी बनणंही मंदावतं, पेशी श्वसन बाजूला ठेवून अल्कोहोल बनवत सुटते. साखर संपत आली की मिग१ला फॉस्फेट चिकटवलं जातं, ते केंद्रकाबाहेर येतं आणि बंद जनुकं पुन्हा सुरू होतात. हा उलगडा १९९० च्या दशकातला, कमलाताईंच्या बटाट्यानंतर अर्ध्या शतकानं झालेला. त्यात त्यांचा हात नव्हता.

त्यांचा नीरेतला रस वेगळा होता : पोषणाचा. १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गर्भवती यांना नीरेचा फायदा होतो, हे त्यांच्या कामातून दिसलं. त्याच संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना बरंच उशिरा मिळालं. पुढे ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नातल्या भेसळीवरही लिहिलं.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. वय होतं ८७.