दख्खनच्या दगडाचे वय आणि बिरबल साहनी

कुपवाड, मिरज, सांगली भागात विहीर खणताना जो काळा कातळ लागतो, तो लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. हे थर एका दमात साचले नाहीत. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात ठिकठिकाणी तळी तयार झाली, काठावर झाडे वाढली आणि त्यांचे अवशेष गाळात अडकले. असे जीवाश्म नागपूर-छिंदवाडा पट्ट्यात विपुल सापडतात. त्यांच्या आधारे दख्खनच्या कातळाचे वय ठरवू पाहणारे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे प्रा. बिरबल साहनी.

साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा येथे झाला. लाहोरनंतर त्यांनी केंब्रिजला प्रा. सीवर्ड यांच्या हाताखाली संशोधन केले. १९२१ पासून अखेरपर्यंत ते लखनौ विद्यापीठात होते. १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलान येथील दगड झालेली फळे, ताडवर्गीय झाडे यांवरून त्यांनी लाव्हा तृतीयक युगाच्या आरंभीचा असल्याचे मांडले. आजच्या मोजणीनुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्याच युगाच्या उंबरठ्यावरचे आहेत.

फळ-लाकूड नसेल तिथे परागकण कामी येतात. त्यांचे बाह्य कवच इतके चिवट असते, की दगड आम्लात विरघळवला तरी ते उरते. जांभूळ, पेरू, लवंग, नीलगिरी यांच्या कुळाचा कण बहुधा त्रिकोणी असतो आणि तिन्ही कोपऱ्यांवर छिद्रे असतात. कूळ त्यावरून कळते; जाती ओळखताना मात्र तज्ज्ञांचाही कस लागतो, कारण जांभळाचा आणि पेरूचा कण दिसायला जवळजवळ सारखाच. साहनी यांनी सहकाऱ्यांसह आसामातील तृतीयक थरांची जुळणी अशाच सूक्ष्म अवशेषांवरून केली.

पण ओळख अचूक असली तरी तो अवशेष त्याच दगडाचा आहे का, हा प्रश्न उरतोच. पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेत साहनी यांना लाकडाचे आणि कीटकांचे सूक्ष्म तुकडे सापडले. ते मीठ इओसीन काळातले, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांचे असावे, असे त्यांनी १९४० च्या दशकात ठामपणे मांडले. नमुने घेताना त्यांनी काळजी कमी घेतली नव्हती. तरीही ते मीठ ५० कोटी वर्षांहून जुने असल्याचे आता मानले जाते. ते तुकडे नंतर बाहेरून शिरलेले असावेत. इतक्या मोठ्या अभ्यासकाचीही अशी फसगत झाली, म्हणून पुराजीवशास्त्रात हे प्रकरण अजून चर्चिले जाते.

जीवाश्म वनस्पतींसाठी स्वतंत्र संस्था हे त्यांचे जुने स्वप्न होते. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौत तिची कोनशिला बसली. ती शिला साहनी यांनी स्वतःच जीवाश्म बसवून तयार केली होती. आठवड्यानंतर, १० एप्रिलला त्यांचे निधन झाले. संस्थेचा भार पत्नी सावित्री साहनी यांनी उचलला.