वाळवंटातला शेख : रुडॉल्फ व्हॅलेंटिनो

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हा माझ्याकडून मेंटेनन्सच्या थकबाकीवर लेख अपेक्षित असावा. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाकडून दुसरं काय मागणार! पण मला जुन्या सिनेमांचा नाद. गेल्या पावसाळ्यात नातवाने टीव्हीवर 'द शेख' हा १९२१ सालचा मूकपट लावून दिला, तेव्हापासून त्याचा नायक डोक्यातून जात नाही. म्हणून ही त्याची हकिगत.

रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा जन्म ६ मे १८९५ रोजी दक्षिण इटलीतल्या कास्टेलानेटा गावी झाला. खरं आडनाव गुलिएल्मी. वडील जनावरांचे डॉक्टर, आई फ्रेंच. मुलगा अकरा वर्षांचा असताना वडील मलेरियाने गेले. पोराचं शाळेत लक्ष नव्हतं. शेवटी कसंबसं शेतकी शाळेचं प्रमाणपत्र मिळवलं आणि १९१३ च्या डिसेंबरात अठराव्या वर्षी तो बोटीने न्यूयॉर्कला उतरला. तिथे बागकाम केलं, बशा विसळल्या, मग क्लबात पैसे घेऊन बायकांबरोबर नाचायचं काम धरलं. पुढे कॅलिफोर्नियात सिनेमात शिरला, पण रंग सावळा, चेहरा परदेशी, म्हणून वाट्याला खलनायकाचीच कामं.

त्याला वर काढलं ते जून मॅथिस नावाच्या पटकथालेखिकेने. 'फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स' या चित्रपटासाठी तिने त्याचाच आग्रह धरला. त्यातल्या टँगो नाचाने तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने 'द शेख' काढला.

ई. एम. हल या इंग्रज बाईंच्या कादंबरीवरची ही कथा. डायना मेयो ही मानी इंग्रज तरुणी सहाराच्या वाळवंटात फिरायला निघते आणि शेख अहमद तिला पळवून तंबूत आणतो. ही भूमिका अ‍ॅग्नेस आयर्सची. पळवलेली बाई पळवणाऱ्याच्याच प्रेमात पडते, हे आमच्या सौ.ला मुळीच पटलं नाही; त्या मधेच उठून पोळ्या करायला गेल्या. मलाही पटलं नाही, पण मी बसून राहिलो. शेवटी तर कळतं की शेख अरब नाहीच, बाप इंग्रज आणि आई स्पॅनिश! गोऱ्या नायिकेने अरबाशी संसार केलेला त्या प्रेक्षकांना चालला नसता, म्हणून ही सोय. गंमत अशी की ज्याने शेख रंगवला, त्या इटालियन माणसालाही अमेरिकेने पूर्ण आपलं कधी म्हटलं नाही.

चित्रपट तुफान चालला. बायका थिएटरात बेशुद्ध पडत म्हणे. कंपनीने लाखो डॉलर मिळवले आणि नायकाला आठवड्याला ५०० डॉलर. हिशेबाच्या माणसाला हे खटकतंच. १९२२ साली त्याने काम बंद केलं, तर कोर्टाने दुसऱ्या कंपनीत काम करायला मनाई केली. मग त्याने पत्नी नताशा रॅम्बोव्हाबरोबर गावोगाव नाचाचे कार्यक्रम केले, तेही चेहऱ्याला लावायच्या मातीच्या जाहिरातीसाठी. या लग्नाचीही कथाच. पहिल्या पत्नीने १९१९ साली लग्नाच्या रात्रीच खोलीचं दार लावून घेतलं होतं. पुढे घटस्फोट झाला, पण कायद्याने सांगितलेलं वर्ष भरण्याआधीच याने मेक्सिकोत दुसरं लग्न उरकलं आणि द्विभार्येच्या आरोपाखाली अटक झाली. १९२३ मध्ये त्याच बाईशी पुन्हा लग्न करावं लागलं. पुढे तेही टिकलं नाही.

१९२६ मध्ये 'द सन ऑफ द शेख' आला. बाप आणि मुलगा दोन्ही तोच. अ‍ॅग्नेस आयर्स त्यात आई म्हणून परत आली. त्याच जुलैत शिकागोच्या एका वर्तमानपत्राने अग्रलेख लिहिला. पुरुषांच्या स्वच्छतागृहात पावडरचं यंत्र दिसलं, आणि पुरुष बायकी झाले याचं खापर लेखकाने व्हॅलेंटिनोवर फोडलं. हे त्याला फार लागलं. त्याने लेखकाला मुष्टियुद्धाचं आव्हान दिलं. लेखक पुढे आलाच नाही. १५ ऑगस्टला तो न्यूयॉर्कच्या हॉटेलात कोसळला. अपेंडिक्स आणि पोटातल्या अल्सरचं ऑपरेशन झालं, पण संसर्ग पसरला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दोन वर्षं होती. २३ ऑगस्टला तो गेला. वय अवघं ३१.

अंत्यदर्शनाला लाखाच्या आसपास लोक लोटले, काचा फुटल्या, घोडेस्वार पोलीस आणावे लागले. एवढा मोठा नट, पण मागे कर्जच होतं आणि पुरायला स्वतःची जागा नव्हती! जून मॅथिसने हॉलिवूडच्या दफनभूमीतली आपली जागा तात्पुरती दिली. वर्षभरात तीही गेली. मग त्याला शेजारच्याच कप्प्यात हलवलं. आजही दोघं तिथेच शेजारी आहेत.

अ‍ॅग्नेस आयर्सचे पैसे १९२९ च्या शेअरबाजारात बुडाले. ती १९४० च्या नाताळात वारली, तेव्हा तिचं नाव फारसं कोणाला आठवत नव्हतं. नातवाने चित्रपट बंद केला तेव्हा मी त्याला तिचं नाव पुन्हा एकदा दाखवायला लावलं.