बाबासाहेबांना न्यूयॉर्कच्या हॉस्टेलमध्ये पारशी रूममेट भेटला, तो आयुष्यभराचा दोस्त झाला

कोलंबिया विद्यापीठातल्या बाबासाहेबांचा विषय निघाला की गाडी थेट डिग्र्यांवर जाते. एम.ए., पीएच.डी., अर्थशास्त्राचे २९ कोर्स. ते सगळं खरंच आहे. पण या तरुणाला तिथं वर्गाबाहेरही बरंच काही मिळालं होतं. जेवायला सगळ्यांसोबतचं टेबल आणि राहायला सगळ्यांसारखी खोली.

ही गोष्ट का मोठी, हे कळायला आधी साताऱ्याच्या शाळेत जावं लागतं. तिथं लहानगा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपाई येऊन पाणी देणार, आणि शिपाई नसला तर तसंच बसायचं. पुढं मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकतानाही मुक्काम परळच्या चाळीतल्या घरातच होता.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेले होते. जुलैमध्ये २२ वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोचले.

सुरुवात काही झकास झाली नाही. आधी विद्यापीठाच्या हार्टली हॉल या हॉस्टेलमध्ये खोली मिळाली, पण तिथलं जेवण घशाखाली उतरेना. पदार्थ नीट शिजलेले नसायचे, त्यात गोमांस. काही दिवसांतच त्यांनी बाडबिस्तरा उचलला आणि जवळच ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तिथं काही भारतीय विद्यार्थी राहायचे. शेवटी मुक्काम पडला तो लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, आणि तिथं खोलीत सोबतीला आले नवल भथेना.

भथेना पारशी, भीमराव महार. मुंबईत या दोघांनी एका खोलीत संसार थाटला असता तर शेजारपाजारच्यांनी काय काय विचारलं असतं, याचा अंदाज बांधता येतो. न्यूयॉर्कमध्ये दोघंही घरापासून हजारो मैल लांब आलेले भारतीय विद्यार्थी होते, बस्स.

परिसराचा परिणाम लवकर दिसला. विद्यापीठाला लागूनच बर्नार्ड हे मुलींचं कॉलेज होतं, शिक्षक घडवणाऱ्या टीचर्स कॉलेजातही मुली शिकत होत्या. अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झाला नव्हता, तेव्हा भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिलं. मुलांच्या बरोबरीनं मुलींनाही शिकवलं तर आपल्या समाजाला चांगले दिवस लवकर येतील, असा त्याचा सूर होता.

शिक्षकही एका साच्यातले नव्हते. अर्थशास्त्राचे सेलिग्मन न्यूयॉर्कच्या एका ज्यू बँकर घराण्यातले. मानववंशशास्त्राचे गोल्डनवायझर कीव्हमध्ये जन्मलेले. तत्त्वज्ञान शिकवायला जॉन ड्यूई. याच गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी भीमरावांनी भारतातल्या जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्याच्या बंधनामुळं, असा त्याचा गाभा होता. गावात जात अंगावर यायची, तिच्याकडं अभ्यासाचा विषय म्हणून शांतपणे बघायला लागणारं अंतर या कॅम्पसनं दिलं.

आता कोलंबिया म्हणजे स्वर्ग होता असंही नाही. ज्या हार्टली हॉलमध्ये भीमरावांना खोली मिळाली, तिथंच १९२१ साली लँग्स्टन ह्यूज हा कृष्णवर्णीय कवी विद्यार्थी म्हणून आला. खोली पत्रानं आधीच ठरली होती, पण समोर काळा मुलगा बघून हॉस्टेलवाल्यांनी खळखळ केली. कोलंबिया कॉलेजात तर मुलींना प्रवेश मिळायला १९८३ साल उजाडलं. म्हणजे तिथंही दारं होती, फक्त ती भीमरावांसाठी बंद नव्हती.

पुढं लंडन करून १९१७ मध्ये ते भारतात परतले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. नोकरी तयार होती, प्रश्न होता राहायचं कुठं. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी पुढं आठवणींत नोंदवलंय. बडोद्याच्या स्टेशनवर ती परत आली.

हिंदू हॉटेलात जागा मिळणं शक्य नव्हतं. मग ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथं फक्त पारशांनाच राहता यायचं, म्हणून व्यवस्थापकाशी बोलून पारशी नाव लावलं. भाडं दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगून गेले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडं त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही अडचण सांगून टाळलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईला निघाले.

न्यूयॉर्कमध्ये खोलीत सोबत राहिला तोही पारशी आणि बडोद्यात काठी घेऊन आले तेही पारशीच. बाबासाहेबांनी दुसऱ्या अनुभवापायी पहिला पुसला नाही. १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत जायचं होतं, पैसे कमी पडत होते. तेव्हा ज्यांनी हात दिला त्यांत शाहू महाराज होते, आणि कर्ज देणारे नवल भथेनाही होते. ही दोस्ती शेवटपर्यंत टिकली. आयुष्यातले काही सर्वांत चांगले मित्र कोलंबियातच मिळाले, असं बाबासाहेबांनी १९३० साली तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिलं होतं.

शिकणाऱ्या पोराला आधी राहायला जागा लागते, हे ते विसरले नाहीत. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. पुढं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचा नागसेनवन परिसर उभा राहिला, तिथंही वसतिगृहं होती.

कोलंबियानं ५ जून १९५२ रोजी त्यांना बोलावून मानद एलएल.डी. पदवी दिली. लिव्हिंग्स्टन हॉलचं नाव आता वॉलक हॉल आहे आणि तिथं अजूनही विद्यार्थी राहतात.